गो-कार्टचा सेंट्रिफ्युगल क्लच अडकतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं शू आणि ड्रमच्या कोरड्या क्लचसाठी आहेत, म्हणजे १९६ ते २१२ सीसीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकवर (बाहेर आलेल्या फिरत्या दांड्यावर) थेट बसणाऱ्या क्लचसाठी. डिस्क क्लच आणि टू-स्ट्रोक इंजिनांचे वेगळे मुद्दे शेवटाकडे आहेत.

क्लच "अडकतो" म्हणजे नक्की काय होतं?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या तक्रारी येतात आणि तिघींचं औषध वेगळं आहे. पहिली, क्लच सुटत नाही: थ्रॉटल सोडला तरी गाडी पुढे रेटते, किंवा ब्रेक दाबून थांबलात की इंजिन बंद पडतं. दुसरी, क्लच पकडतच नाही, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. तिसरी, पकडतो पण हिसके देत. पहिली सगळ्यांत जास्त दिसते. तिच्यात दोष बहुधा शूंचा नसतो, ड्रमच्या मधल्या बुशचा (ड्रम ज्यावर फिरतो त्या नळीचा) किंवा चढलेल्या आयडलचा (थ्रॉटल सोडल्यावरच्या इंजिनाच्या वेगाचा) असतो. तरीही लोक आधी शू नाहीतर अख्खा क्लच बदलतात. मूळ कारण तसंच राहतं आणि नवा क्लचही त्याच वाटेने जातो.

आत काय असतं, आणि ते कधी पकडायला हवं?

क्रँकवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीने) पक्का बसलेला हब, त्याच्या खाचांत सरकणारे शू, शूंना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, आणि या सगळ्याभोवती ड्रम. चेनचा स्प्रॉकेट ड्रमलाच जोडलेला असतो. ड्रम बुशवर किंवा नीडल बेअरिंगवर मोकळा फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला चिकटतात आणि गाडी निघते.

शूंना बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. समजा क्लच २००० आरपीएमला पकडतो. १४०० ला शूंवर जेमतेम निम्मं बल असतं, पण १९०० ला ते ९० टक्क्यांवर गेलेलं असतं. आयडल "थोडंसंच" चढलं म्हणून काय बिघडलं, असं वाटणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

साधे क्लच साधारण १८०० ते २२०० आरपीएमदरम्यान पकडतात. शर्यतीच्या क्लचमध्ये स्प्रिंग आणि वजनं बदलून हा आकडा बराच वर नेता येतो.

क्लच न खोलता दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं?

इंजिन थंड होऊ द्या. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. ही पायरी गाळू नका: क्लच जाम असेल तर मागचं चाक फिरवलं की इंजिनही फिरतं, आणि ते सुरू होऊ शकतं. मागची चाकं जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर घ्या.

आता मागचं चाक हाताने पुढे फिरवा. चेन आणि ड्रम फिरायला हवेत, क्रँक जागेवर राहायला हवा. हाताला कॉम्प्रेशनचा अडथळा जाणवला तर ड्रम हबला कुठेतरी धरून बसला आहे.

मग चेन उतरवा आणि नुसता ड्रम बोटाने फिरवा. चेन उतरवताच तो मोकळा झाला, तर क्लच निर्दोष आहे. चेन जास्त ताणलेली आहे, नाहीतर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. चेनशिवायही जड फिरत असेल तर कसा जड फिरतो ते पाहा. पूर्ण फेरीभर सारखा जड असेल तर संशय बुशवर. फेरीत एकाच ठिकाणी अडत असेल तर ड्रम वाकडा आहे किंवा एखादा शू बाहेरच राहिला आहे. खरखर ऐकू आली तर नीडल बेअरिंगची एखादी सुई तुटली आहे किंवा आत कचरा आहे.

शेवटी ड्रम दोन बोटांनी धरून क्रँकच्या दिशेने आत-बाहेर हलवा. नखाला जाणवेल इतका प्ले (मोकळीक) हवाच. तो शून्य असेल तर बोल्ट आवळल्यावर ड्रम वॉशर आणि हबच्या मध्ये चिमटला जातोय. याउलट वर-खाली डुगडुगत असेल तर बुश संपलं.

एवढ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि क्लच उगाच खोलणं वाचतं.

आयडलवरच गाडी सरकते. स्प्रिंगा बदलू का?

आधी आयडल मोजा. होंडा जीएक्स२०० सारख्या इंजिनाचं आयडल १४०० आरपीएमच्या आसपास असतं. गाडी सरकत असेल आणि आयडल १८०० वर असेल, तर स्प्रिंगांचा काही दोष नाही.

मोजताना एक फसगत ठरलेली आहे. या इंजिनांत मॅग्नेटो फ्लायव्हीलवर असल्यामुळे ठिणगी दर फेरीला पडते, फोर-स्ट्रोक असूनही. प्लगच्या वायरवर गुंडाळायचा टॅकोमीटर "दोन फेऱ्यांना एक ठिणगी" असा लावला असेल तर खरे १४०० तो २८०० दाखवेल. सेटिंग "एका फेरीला एक ठिणगी" असं ठेवा.

आयडल खरंच चढलेलं असेल आणि स्क्रू सोडूनही उतरत नसेल, तर थ्रॉटलची केबल पूर्ण परत येते का ते पाहा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पेडल सोडून पाहा. केबल कुठेतरी ताणली जात असते. केबलही ठीक असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय का ते तपासा. हे सगळं बरोबर असताना गाडी सरकत असेल, तरच स्प्रिंगांकडे वळा.

आयडल बरोबर आहे, निघताना गाडी सरकत नाही, पण थांबताना क्लच सुटत नाही. असं का?

पकडण्याचा आणि सुटण्याचा वेग एकच नसतो. २००० ला पकडणारा क्लच १७०० किंवा त्याहूनही खाली येईपर्यंत धरून ठेवू शकतो, कारण शू एकदा ड्रमला टेकले की घर्षणच त्यांना परत यायला अडवतं. खाचेत गंज किंवा काजळी असेल तर हे अंतर आणखी वाढतं. म्हणून आयडल पकडण्याच्या वेगापेक्षा किमान ४०० आरपीएमने खाली ठेवा. तरीही सुटत नसेल तर क्रमाने पाहा: बुश, तुटलेली किंवा सैल पडलेली स्प्रिंग, खाचेत अडकणारे शू. गरम झाल्यावरच अडकत असेल आणि थंड झाल्यावर आपोआप सुटत असेल, तर ते जवळजवळ नेहमी बुशच असतं.

बुश जाम का होतं? आम्ही तर तेल देतो.

बुशचं काम नेमकं कधी चालतं ते लक्षात घेतलं की कारण सापडतं. गाडी वेगात असताना क्लच पूर्ण पकडलेला असतो, हब आणि ड्रम एकत्र फिरतात आणि बुश काहीच घासत नाही. बुश घासतं ते गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, किंवा क्लच घसरत असताना. म्हणजे सुरुवातीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं ताटकळणं बुशला पंधरा फेऱ्यांपेक्षा महागात पडतं. त्यात चेन ताठ असली तर सगळा ताण बुशच्या एकाच बाजूवर येतो.

ही बुशं बहुधा तेल शोषलेल्या सच्छिद्र ब्राँझची असतात. क्लच तापला की तेल छिद्रांतून बाहेर येतं, उडून जातं, आणि कोरडं ब्राँझ पोलादाला धरतं.

तेल द्यायचं ते एसएई ३० इंजिन ऑइल, दोन ते तीन थेंब, शर्यतीच्या प्रत्येक दिवशी सुरू करण्याआधी, ड्रम आणि शाफ्टच्या (क्रँकच्या) फटीत. ड्रम हाताने फिरवत थेंब आत जाऊ द्या आणि बाहेर आलेलं पुसून टाका. चार थेंब जास्त पडले तर फिरताना ते शूंवर उडतात आणि क्लच घसरू लागतो. चेनचा स्प्रे हा यावर उपाय नाही; तो फटीत शिरत नाही, धूळ मात्र गोळा करतो.

जाम झालेलं बुश वाचवता येतं का?

कधीकधी. ड्रम उतरवून शाफ्टवर किंवा हबच्या नळीवर चिकटलेलं ब्राँझ दिसतं का पाहा, सोनेरी पट्टे असतात. शाफ्टवरचे पट्टे ४०० नंबरच्या एमरी पेपरने, तेल लावून, गोल दिशेने काढा. बुशला आतून मात्र एमरी लावू नका. घासल्याने छिद्रं बुजतात, त्यात खड्याचे कण रुततात आणि बुश पुन्हा तेल धरत नाही. बुश आतून खरवडलेलं असेल तर नवं घालणंच बरं. नवं बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. प्रेसने किंवा बाकाच्या व्हाइसने सरळ दाबून बसवा. हातोडीने बसवलेलं बुश तोंडाशी दबतं आणि पहिल्याच दिवशी पुन्हा धरतं.

क्लच क्रँकवरून निघत नाही. हातोडी चालेल का?

नाही. क्रँकच्या टोकावर मारलेला प्रत्येक घाव इंजिनाच्या बेअरिंगवर जातो.

आधी बोल्ट. १९.०५ मिमीच्या क्रँकवर तो बहुधा ५/१६-२४ आट्यांचा, साधा उजव्या आट्यांचा असतो. क्रँक फिरू नये म्हणून प्लग काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये मऊ सुती दोरी सोडतात. पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येत असताना, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, दोरी घाला. एक टोक बाहेर राहू द्या. शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या उलट फिरतात, आणि बोल्ट सोडण्याची दिशाही तीच, त्यामुळे पिस्टन दोरीवर दाबून थांबतो. परत आवळताना पिस्टन टोक ओलांडून खाली उतरू लागल्यावर दोरी घालावी लागते, कारण तेव्हा क्रँक उलटा फिरायला पाहतो. इम्पॅक्ट गन असेल तर दोरीची गरज बहुधा पडत नाही.

बोल्ट निघाला की चावीच्या खाचेत भेदक तेल सोडा आणि अर्धा तास थांबा. मग पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लावा, त्याचे पाय हबच्या मागे, ड्रमच्या मागे नाही. ड्रमला ओढलं तर तो तिरका होतो. तरी हलला नाही तर हबला हीट गनने गरम करा. ज्योत वापरायचा मोह झाला तर पेट्रोलची टाकी आधी गाडीवरून उतरवा, आणि क्रँकचं ऑइल सील अगदी मागेच आहे हे विसरू नका.

शू खाचेत अडकले आहेत. साफ कसे करायचे?

कोणता शू कुठल्या खाचेत आणि कोणत्या तोंडाने होता याचा आधी फोटो काढा. मग स्प्रिंगा काढा, शू बाहेर घ्या. ब्रेक क्लीनर आणि ताठ ब्रशने खाचा व शूंच्या बाजू धुवा. खाचेच्या कडेवर उठलेली धार बारीक कानशीने फक्त उतरवा. खाच रुंद होऊ द्यायची नाही. शू कोरडे असताना स्वतःच्या वजनाने खाचेत सरकायला हवेत. तिथे ग्रीस लावू नका, ते तापून वाहतं आणि ड्रमवर जातं.

धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये (शूंवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मोकळ्या हवेत वापरा आणि सगळं सुकल्यावरच इंजिन सुरू करा. आणखी एक, जे बरेच जण विसरतात: ब्रेक क्लीनर बुश आणि बेअरिंगमधलं तेलही धुऊन नेतो. साफसफाईनंतर तेल न दिलेला चकचकीत क्लच पहिल्याच फेरीत धरतो.

शूंची घासणारी बाजू काचेसारखी तकतकीत झाली असेल तर १०० ते १२० नंबरच्या पेपरने ती चमक उतरवा. ड्रमच्या आतही त्याच पेपरने तिरक्या रेघा मारा. लायनिंगमध्ये तेल मुरलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका. गरम झाल्यावर ते पुन्हा बाहेर येतं. असे शू टाकून द्या.

ड्रम निळा पडलाय. वापरू का?

पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं होतं. म्हणजे ड्रम तितका तापला होता आणि आतल्या स्प्रिंगांनीही तीच आच सोसली. ड्रमवर डायल गेज लावा. आतला काठ फेरीत ०.१ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल, किंवा ड्रमचं तोंड घंटेसारखं पसरलं असेल, तर तो बदला. सरळ असेल तर वापरता येईल, पण स्प्रिंगा मात्र नव्याच घाला. तापून मऊ पडलेल्या स्प्रिंगेमुळे क्लच लवकर पकडतो, उशिरा सुटतो, आणि तुम्ही आयडलच्या स्क्रूशी खेळत बसता.

क्लच हिसके देत पकडतो.

ड्रम अंडाकृती असेल, एखादी स्प्रिंग तुटली असेल किंवा शू वेगवेगळ्या सेटमधले असतील, तर एक शू आधी पकडतो आणि बाकीचे मागून येतात. काही क्लच एकाच दिशेसाठी बनवलेले असतात आणि हबवर बाण असतो. तो उलटा बसला तर शू फिरण्याच्या जोरानेच ड्रममध्ये आणखी घुसतात. पकड एकदम बसते आणि सुटायलाही वेळ लागतो. स्प्रॉकेट इंजिनाच्या बाजूला घेण्यासाठी क्लच फिरवून बसवला असेल तर हे आधी तपासा.

पकडण्याचा वेग किती ठेवावा?

इंजिनाचा टॉर्क जिथे सर्वांत जास्त असतो त्याच्या आसपास. मूळ अवस्थेतल्या जीएक्स२०० चा तो २५०० आरपीएमला असतो. कॅम किंवा कार्ब्युरेटर बदललेल्या इंजिनाचा वर सरकतो. खूप खाली ठेवलात तर इंजिन निघताना गुदमरतं. खूप वर ठेवलात तर क्लच दर संथ वळणावर घसरतो, तापतो, आणि मग अडकायला लागतो. ताठ स्प्रिंगेने पकडण्याचा वेग वर जातो, जड शूने खाली येतो. स्प्रिंगा नेहमी पूर्ण सेटने बदला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून मोजा.

मोजताना ब्रेक दाबून थ्रॉटल द्यायचा तो दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये ड्रम निवू द्यायचा. गाडीसमोर कुणी उभं राहता कामा नये.

गिअरिंगही पाहा. क्लचवर १० दात आणि ॲक्सलवर ६० दात म्हणजे ६:१. मागचा स्प्रॉकेट लहान करत गेलात की प्रत्येक वेळी निघताना क्लच जास्त वेळ घसरतो. क्लच आठवड्यागणिक जळत असेल तर बरेचदा दोष या गुणोत्तरात सापडतो.

नवा क्लच पहिल्याच दिवशी अडकला. माल खराब?

असू शकतो, पण बसवणीत चूक असण्याची शक्यता अधिक. व्हर्निअर घ्या आणि क्रँक मोजा: १९.०५ मिमी आणि २० मिमी हे डोळ्यांना सारखेच दिसतात. १९.०५ च्या क्रँकला ४.७६ मिमीची, म्हणजे ३/१६ इंचाची चावी लागते. तिथे ५ मिमीची ठोकली तर हब तिरका बसतो. चावी लांब असेल तर ती पुढे सरकून ड्रमला अडते. बोल्टखालचा वॉशर इतका मोठा नको की तो ड्रमवर टेकेल. तो क्रँकवर किंवा हबवर टेकायला हवा. मागचा स्पेसर विसरला असेल तर ड्रम इंजिनाला घासतो.

नव्या ड्रमच्या आत गंज न लागण्यासाठी तेलाचा हात असतो. बसवण्याआधी तो पुसा. मग आठ-दहा वेळा हलक्या थ्रॉटलने निघा आणि थांबा, म्हणजे शू ड्रमशी जुळतात. त्याआधी पूर्ण ताकदीने सुरुवात करू नका.

डब्ल्यूडी-४० मारलं तर सुटेल का?

सुटेल, आणि मग पकडणार नाही.

चेन किती ढिली ठेवायची?

मधोमध वर-खाली मिळून १० ते १५ मिमी. मागचा ॲक्सल पूर्ण फेरी फिरवा आणि चेन जिथे सगळ्यांत ताठ होते तिथे मोजा; स्प्रॉकेट थोडा जरी मध्यापासून सरकलेला असला तरी एका ठिकाणी चेन ताठ येते. रेषा तपासायला मागच्या स्प्रॉकेटवर सरळ पट्टी टेकवा, ती क्लचच्या स्प्रॉकेटलाही सपाट टेकायला हवी. २१९ नंबरच्या चेनला ३५ नंबरचा स्प्रॉकेट चालत नाही: पहिलीचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) ७.७७४ मिमी, दुसरीचा ९.५२५.

डिस्क क्लच असेल तर?

तिथे ड्रमऐवजी फ्रिक्शन डिस्क, पोलादी प्लेटा, वजनाचे लिव्हर आणि स्प्रिंगा असतात. न सुटण्याची मुख्य कारणं दोन: प्लेटांमधली मोकळी फट कमी पडणं, आणि तापून वाकलेली प्लेट. फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा आणि निर्मात्याच्या आकड्याशी ताडून पाहा. तिन्ही आकडे वेगळे आले तर एखादी प्लेट वाकली आहे. प्रत्येक प्लेट काचेवर ठेवून तपासा. बास्केटच्या (प्लेटा धरणाऱ्या पिंजऱ्याच्या) दांड्यांवर प्लेटांनी खोबणी पाडली असतील तर प्लेटा तिथेच अडकतात. उथळ खोबण कानशीने निघते, खोल असेल तर बास्केट बदलावी लागते.

रोटॅक्स मॅक्स किंवा आयामे एक्स३० सारख्या टू-स्ट्रोकला हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, पकडण्याचा वेग बराच वर. ड्रम नीडल बेअरिंगवर फिरतो, त्याला तेलाच्या थेंबांऐवजी उच्च तापमानाचं ग्रीस लागतं, आणि तेही सुयांवर पातळ थर इतकंच. जास्त भरलेलं ग्रीस उडून क्लचमध्ये जातं. बेअरिंग निळसर किंवा खरबरीत झालं असेल तर पिंजऱ्यासकट बदला आणि ज्यावर ते फिरतं तो भागही नखाने तपासा. क्लचमध्ये पातळ तेल दिसलं तर मागचं सील गेलं आहे, ते बदलल्याशिवाय क्लच साफ करून उपयोग नाही. क्लचच्या नटाचे आटे काही इंजिनांत उलटे असतात, पाना लावण्याआधी मॅन्युअल उघडा. दोरीची युक्ती वापरायची तर पिस्टनने सगळे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) झाकल्यानंतरच, नाहीतर दोरी पोर्टमध्ये अडकून कापली जाते.

शर्यतीच्या दिवशी क्लच अडकला, हातात वीस मिनिटं आहेत.

ड्रम निवू द्या, पाणी ओतू नका; तापलेला ड्रम पाण्याने वाकतो. प्लगची टोपी काढा, चेन थोडी ढिली करा, बुशला तीन थेंब तेल द्या आणि ड्रम दोन्ही दिशांना फिरवत मोकळा करा. आयडल मोजून खाली आणा. मोकळा झाला तर रांगेत शक्य तितक्या उशिरा इंजिन सुरू करा आणि थ्रॉटलवर पाय ठेवून ब्रेक दाबण्याची सवय त्या दिवसापुरती तरी सोडा. ड्रम हलतच नसेल तर ती फेरी सोडा. न सुटणाऱ्या क्लचने ब्रेक मारताना मागची चाकं इंजिनाशी जखडलेली असतात, आणि इंजिन बंद पडलं की गाडी थेट फिरते.

गाडी दोन महिने उभी राहणार आहे.

पावसात चालवली असेल किंवा धुतली असेल तर आधी क्लच उघडून सुकवा. शूंवर तेल नको. ड्रमच्या आत गंज आलाच तर तो नंतर पेपरने निघतो. बुशला दोन थेंब द्या, चेन ढिली करा आणि आठवड्यातून एकदा ड्रम हाताने चार फेऱ्या फिरवा.